निवांतपणाची सक्तमजुरी

मराठी माणसाला सुट्टी घेता येत नाही, असा माझा स्वच्छ आरोप आहे.

रजा घेता येते. रजेच्या बाबतीत तर त्याचा हात धरणारा कोणी नाही. किती रजा साठल्या, किती वाया जाणार, कुठल्या शनिवाराला कुठला सोमवार जोडला की नऊ दिवस पदरात पडतात, हा हिशेब त्याला पाढ्यासारखा पाठ असतो. पण रजा निराळी आणि सुट्टी निराळी. रजा कचेरी देते. सुट्टी स्वतःची स्वतःला मंजूर करावी लागते. आणि या दुसऱ्या खात्यातला साहेब फार खडूस असतो. तो म्हणतो, "सुट्टी हवी? देतो. पण त्यात काय काय करणार, ते आधी लिहून दे."

पूर्वी हिवाळ्यात कोणी कुठे जात नसे. दिवाळीला मामाकडे आणि मे महिन्यात गावी, ही दोन स्थानकं सोडली तर मधली गाडी फास्ट असायची. नाताळ म्हणजे शाळेच्या दहा सुट्ट्या आणि सहलीऐवजी सर्दी. आता तसं राहिलं नाही. डिसेंबर उजाडला, की सोसायटीच्या जिन्यात दोन माणसं भेटली तरी पहिला प्रश्न प्रकृतीचा नसतो. "मग? यंदा कुठे?" असा असतो. आणि अलीकडे त्याचं उत्तर बहुधा एखादं बेट असतं. सरकारी नोकरांना एल. टी. सी.वर अंदमानला विमानानं जाण्याची खास सवलत मिळत आली आहे. त्यामुळे ज्या काळ्या पाण्याचं नाव काढलं की आमच्या पणजोबांच्या पिढीला कापरं भरत असे, तिथे आता पणतवंडं विंडो सीटसाठी भांडत जातात.

याला माझी हरकत नाही. काळ्या पाण्याचं निळं पाणी झालं, ही आनंदाचीच गोष्ट आहे. माझी हरकत त्या माहितीपत्रकाला आहे. त्याच्या पहिल्या पानावर नारळाच्या दोन झाडांना एक झूला बांधलेला असतो. झूल्यात एक बाई पुस्तक छातीवर ठेवून झोपलेली असते. वर लिहिलेलं असतं, "बेटावरचे निवांत क्षण." आता पान उलटा. दिवस पहिला : पहाटे दोन वाजता विमानतळावर एकत्र जमणे. दिवस दुसरा : पहाटे पाचला तयार राहणे. दिवस तिसरा : पहाटे तीन वाजता नाश्त्याची पाकिटे घेऊन प्रस्थान. मी ते सगळं पत्रक भिंग घेऊन वाचलं. 'प्रस्थान' हा शब्द सतरा वेळा होता, 'आगमन' सोळा वेळा. 'बसणे' एकदाच होतं, तेही "बोटीत आपापल्या जागी बसणे" असं. त्या झूल्यातल्या बाईचं पुढे काय झालं, याचा उल्लेख कुठेही नव्हता. माझा अंदाज असा, की तिची बस चुकली असावी.

आता या पहाटेच्या वेडामागे थोडं भूगोलाचंही कारण आहे, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, की टूरवाल्यांवर अन्याय केला. आपलं भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाप्रमाणे चालतं. मुंबई त्याच्या पश्चिमेला आहे आणि अंदमान चांगलंच पूर्वेला. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे) यांत सुमारे वीस रेखांशांचं अंतर. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे वीस चोक ऐंशी. मुंबईत डिसेंबरात सात वाजता उजाडतं, तर तिथे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य डोक्याशी येऊन उभा राहतो, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बुडून मोकळा होतो. आपण चहा ठेवावा, तर बाहेर दिवेलागण.

हे ऐकून शहाण्या माणसानं काय करावं? "वा! म्हणजे पाचनंतर काही बघायचंच नाही. बसू या," असं म्हणावं. आपण काय केलं? "संध्याकाळ लवकर बुडाली, तर ती पहाटेतून भरून काढा," असं म्हणालो. सूर्यानं आपणहून दिलेली सूट आपण व्याजासकट परत केली.

बरं, ही घाई तरी कशासाठी? पॉइंटांसाठी. 'पॉइंट' हा शब्द महाबळेश्वरला जन्माला आला की माथेरानला, याबद्दल वाद होऊ शकेल. पण मराठी माणसानं तो जिथे जाईल तिथे नेऊन लावला आहे. त्याला डोंगर दिसत नाही, पॉइंट दिसतो. समुद्र दिसत नाही, पॉइंट दिसतो. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पत्रकातले पॉइंट मोजले. चोवीस भरले. मग माणशी खर्चाला चोवीसनं भागून त्यांनी प्रत्येक पॉइंटची किंमत काढली आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केली. त्या क्षणापासून आमची सहल संपली आणि वसुली सुरू झाली. पावसामुळे एक ठिकाण गाळावं लागलं, तेव्हा चेक परत आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आणि परतताना विमानाच्या खिडकीतून कुठलंसं एक बेट दिसलं, तर ते म्हणाले, "हा पंचविसावा धरायला हरकत नाही."

त्या शहीद द्वीपाचंच घ्या. पूर्वी त्याला नील बेट म्हणत; २०१८ च्या ३० डिसेंबरला त्याचं नाव बदललं. त्याच दिवशी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. हे शहीद द्वीप म्हणजे एक चिमुकलं, सज्जन बेट आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं तिथे वसवली गेली. त्यांनी भाजीपाला पिकवला, केळी लावली आणि किनाऱ्यांना रामायणातली नावं दिली. पूर्वेला सीतापूर, पश्चिमेला लक्ष्मणपूर, मधे भरतपूर. घरदार सोडून आलेल्या माणसांनी वनवासातली नावं ठेवावीत, यात केवढा अर्थ आहे! तो कळायला बेटावर निदान एक दुपार काढायला हवी. आमच्या पत्रकात होतं : "सीतापूर (सूर्योदय) अर्धा तास, भरतपूर (काचेच्या तळाची बोट) एक तास, लक्ष्मणपूर (सूर्यास्त) चाळीस मिनिटे." ज्या रामायणाला मूळ पात्रांनी चौदा वर्षं दिली, ते आम्ही दोन तास दहा मिनिटांत उरकलं. वर एक बाई विचारत होत्या, "शत्रुघ्नपूर नाही का हो? म्हणजे चारही झाले असते."

या मुद्द्यावर मी लोकांशी बोललो आहे. वाद घातला आहे, असंच म्हणा. आणि समोरून नेहमी एकच तोफ डागली जाते, "नुसतं बसायचंच असेल, तर घरी बसा की! त्यासाठी विमानाचे पैसे कशाला घालायचे?"

ही तोफ वाजते मोठी, पण तिच्यात गोळा नाही. अहो, घरी बसता येत असतं तर हवं काय होतं? घरात माणूस बसला की तो रिकामा दिसतो, आणि रिकामा माणूस आणि रिकामी पिशवी दिसली की कोणीतरी त्यांत काहीतरी भरतंच. "बसलाच आहात तर जरा पंखा पुसा." "बसलाच आहात तर त्या प्लंबरला फोन लावा." सुट्टीच्या दिवशी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याइतकी चिथावणी देणारी वस्तू संसारात दुसरी नाही. आणि बाईला तर घरी बसणं म्हणजे काय, तेच ठाऊक नसतं. तिच्या सुट्टीत दोन भाज्या जास्त असतात. बेल वाजते, गॅसवाला येतो, सोसायटीची सभा येते, कोणाच्या तरी मुलाची पत्रिका घेऊन कोणीतरी येतं. घर ही बसायची जागा नव्हेच. घर ही उठायची जागा आहे.

बेटाचं तसं नाही. बेट म्हणजे काय? भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय, की चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा. पण हे झालं परीक्षेपुरतं. खरा अर्थ असा, की जिथे पुढे जायला जागाच नाही, ते बेट. डोंगरावर गेलं की पलीकडचा डोंगर खुणावतो. शहरात गेलं की पुढचा चौक बोलावतो. बेटावर आपण चालत चालत किनाऱ्याला येतो आणि रस्ता म्हणतो, "संपलो मी. आता बसा." इतकं स्पष्ट सांगणारी जागा जगात दुसरी नाही. एवढ्या लांब जाऊन तिचं ऐकायचं नाही, आणि लगेच बोट धरून दुसऱ्या बेटाच्या कडेला पळायचं, हा निसर्गाशी उद्धटपणा आहे.

एके काळी या उद्धटपणाला थोडा तरी पायबंद होता. अंदमानात फोन लागत नसे, आणि लागलाच तर "हॅलो, हॅलो" याच्या पुढे संभाषण जात नसे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल आली. तिथे राहणाऱ्या माणसांना तिची नितांत गरज होती. शिक्षण, औषधपाणी, बँका, सगळं त्यावर चालतं. त्यांना ती लखलाभ. पण तिच्यातून आमच्यामागे काय काय आलं! आमच्या गटातली एक तरुण मुलगी राधानगरच्या किनाऱ्यावर पाण्यात घोटाभर उभी राहून कचेरीची मीटिंग करत होती. पाठीमागे लाटेचा आवाज येऊ नये, म्हणून ती लाटेला मधूनमधून "शू" करत होती.

राधानगरचं नाव काढलं, म्हणून सांगतो. २००४ साली 'टाइम' मासिकानं या किनाऱ्याला आशियातला सर्वांत उत्तम किनारा म्हटलं. तेव्हापासून तो किनारा जणू फर्स्ट क्लास फर्स्ट आलेला मुलगा आहे; येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचा गालगुच्चा घेऊन जातो. त्याची वाळू पिठासारखी, पाणी काठाशी पांढरं, मग हिरवं, मग निळं, आणि मागे उंचच उंच झाडांचं घनदाट रान. आम्हांला तिथे एक तास दहा मिनिटं दिली होती. त्यांतली वीस मिनिटं कपडे बदलायला, वीस मिनिटं परत बदलायला, दहा मिनिटं शहाळी कोणाची पातळ आणि कोणाची मलईची यावरच्या वादाला आणि पंधरा मिनिटं ग्रुप फोटोला. समुद्राच्या वाट्याला पाच मिनिटं आली. ती त्यानं न रागावता घेतली, हा त्याचा मोठेपणा.

या बेटांवर सुट्टी कशी घ्यावी हे शिकवणारे गुरू आहेत, हो! अंदमान-निकोबारचा राज्य-प्राणी आहे समुद्रगाय. हिचा दिवसभराचा कार्यक्रम म्हणजे उथळ पाण्यातलं समुद्रगवत सावकाश खाणं, मधूनमधून श्वास घ्यायला वर येणं आणि पुन्हा खाली जाणं. ना प्रस्थान, ना आगमन. दुसरा गुरू म्हणजे खाडीच्या कडेचा मगरमच्छ. तो चिखलावर असा काही पडून राहतो, की ओंडका वाटावा. आमच्यातल्या एकानं तर तशी तक्रारच केली होती, की "तो हलला नाही. खोटा असेल." हलला असता तर तक्रार करायला हे गृहस्थ राहिले असते का, याचा विचार त्यांनी केला नव्हता. सरकारनं वाघ सोडून समुद्रगाय निवडली, यात मला फार खोल शहाणपण दिसतं. आपण मात्र तिथे माकडासारखे जातो.

तर तिसऱ्या दिवशीच्या त्या पहाटे तीनच्या प्रस्थानाला मी नकार दिला. बाराटांग नावाच्या बेटावर जायचं होतं. तिथे चुनखडीची गुहा आहे आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे डोळ्यांसमोर काय येईल ते येऊ द्या. प्रत्यक्षात राखाडी चिखलाचं एक डबकं असतं आणि पिठल्याला येतो तसा त्याला अधूनमधून एक बुडबुडा येतो. पण माझा नकार बुडबुड्यासाठी नव्हता.

"मी येत नाही," असं मी टूर मॅनेजरला सांगितलं. तो पोरगा घाबरलाच. "काका, बरं नाही का?" म्हटलं, उत्तम आहे. "मग काकूंशी काही...?" म्हटलं, तसंही नाही. "मग करणार काय तुम्ही दिवसभर?" म्हटलं, बसणार आहे. हे ऐकल्यावर त्याची खात्रीच पटली. दहा मिनिटांत ही बातमी मजलाभर पसरली. गटातल्या डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली. एका मावशींनी ओवा आणि सैंधव दिलं. बँकवाले गृहस्थ हळूच येऊन म्हणाले, "रिफंड मिळणार नाही, माहीत आहे ना?" धडधाकट माणूस आपल्या खुशीनं एक दिवस बसून राहतो, हे त्या चाळीस माणसांतल्या एकालाही खरं वाटेना. सौभाग्यवती तेवढ्या म्हणाल्या, "मीही बसते." लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण इतकं रोमँटिक वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील.

आम्ही दोघं समुद्राकाठी बसलो. काय केलं? काही नाही. नऊच्या सुमाराला एक मच्छीमार जाळं उसवून पुन्हा विणत बसला, ते पाहिलं. ते संपायला साडेअकरा झाले. पाकिटात एक जुनी तांबडी विसाची नोट सापडली. तिच्या पाठीवर नारळाची झाडं आणि दीपगृह असलेला जो देखावा आहे, तो तिथल्याच नॉर्थ बेचा. २०१९ च्या नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं आणि बिचारं अंदमान बाद झालं. वर्षानुवर्षं ते चित्र आम्ही खिशात घेऊन फिरलो, रिक्षावाल्याला दिलं, भाजीवालीकडून परत घेतलं. आणि त्यात झाडं किती आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

संध्याकाळी मंडळी परत आली. ती काय बोलत होती, ते ऐका; कारण माझं खरं भांडण इथे आहे.

"दिसले का हो तुम्हांला?"
"आमच्या बसला दोन दिसले. एक बाई आणि एक पोर."
"आमच्या बाजूला काहीच नाही! मी म्हटलं होतं, जागा आलटून-पालटून बसवा म्हणून."
"अमुक कंपनीच्या बसला म्हणे सात दिसले."

ही बोलणी हरणांबद्दल नव्हती. माणसांबद्दल होती.

बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा लोकांसाठी राखून ठेवलेल्या जंगलातून जातो. जारवा हे त्या बेटांचे फार जुने रहिवासी. आज ते फक्त काहीशे उरले आहेत. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या जमतात, आणि ठरलेल्या वेळी पुढेमागे पहारा ठेवून त्यांचा ताफा जंगलातून सोडतात. म्हणून पहाटे तीनचं ते प्रस्थान. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, असे नियम आहेत, आणि ते फलकावर लिहिलेलेही आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये जारवांच्या भागातला हा रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालू राहिला. २०१२ मध्ये एक चित्रफीत उजेडात आली. तिच्यात जारवा बायकांना प्रवाशांपुढे नाचायला सांगितलं जात होतं, खाण्याच्या बदल्यात. जगभर छी थू झाली. त्याआधी १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. आपल्याकडे आजी ज्यावर कडुलिंबाचा पाला टाकते, तो गोवर. तो त्यांच्या अंगाला ठाऊकच नव्हता.

तिथे हजाराहून अधिक किलोमीटर जाऊन आपण 'दिसले का' म्हणून विचारतो, त्याच बेटांवर २०१० साली बोआ सीनियर नावाची एक वृद्धा वारली. 'बो' भाषा बोलणारं ते शेवटचं माणूस. एक भाषा, तिच्यातल्या शिव्या, अंगाईगीतं, पावसाचे शब्द, सगळं एका बाईबरोबर गेलं. मराठी टिकणार का म्हणून परिसंवाद भरवणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी यातलं दुःख कळावं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर नुसते बसमधून गेलो. कोणाला त्रास दिला? बरं. उद्यापासून असं समजा, की तुमच्या सोसायटीच्या आवारातून रोज सकाळी सहाला शे-दीडशे गाड्यांचा ताफा जाऊ लागला. फोटो काढायला मनाई, थांबायला मनाई. सगळं अगदी नियमानं. फक्त प्रत्येक खिडकीला चार-चार चेहरे चिकटलेले. तुम्ही गॅलरीत दात घासताय. "तो बघ! तो बघ! ब्रश करतोय!" काकू गाऊनवर दूध घ्यायला आल्या. "अरे, मादीसुद्धा आहे!" किती दिवस चालू द्याल? आपल्या सोसायटीत फेरीवाल्याला सोडत नाहीत. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराचं नाव, गाव आणि तास-मिनिट वहीत लिहून घेतल्याशिवाय वॉचमन फाटक उघडत नाही. आणि ज्यांच्या घराला फाटकच नाही, त्यांच्या घरातून आपण दोन वेळा, जाताना आणि येताना, खिडक्या उघड्या ठेवून जातो. आणि घरातलं कोणी दिसलं नाही तर टूर मॅनेजरकडे तक्रार करतो. याला सुट्टी म्हणत असाल तर म्हणा. मी चोंबडेपणा म्हणतो.

पॉइंटाच्या वेडाचा शेवट इथे होतो, म्हणून मी त्यावर एवढा चिडतो. ते वेड नुसतं आपले पाय दुखवून थांबलं असतं, तर मी दोन विनोद करून गप्प बसलो असतो. पण एकदा पॉइंट मोजायची सवय लागली, की डोंगर पॉइंट होतो, देऊळ पॉइंट होतं, आणि एका पहाटे माणूसही पॉइंट होतो.

सेल्युलर जेलमध्येही हेच. तुरुंग १९०६ मध्ये बांधून पुरा झाला. सात लांबलचक इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या एका मनोऱ्याला येऊन मिळायच्या. आता त्यांतल्या तीन उरल्या आहेत. मराठी माणूस तिथे सावरकरांची कोठडी पाहायला जातो. १९११ ते १९२१, दहा वर्षं ते तिथे होते. थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. कोलूला माणूस जुंपायचा आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल त्याच्याकडून काढून घ्यायचं. १९३३ च्या उपोषणात तिघांनी प्राण दिले. एका कोठडीत एका माणसानं वर्षानुवर्षं एकट्यानं काढायची, हाच त्या इमारतीचा सगळा हेतू होता. तिथे गेल्यावर निदान एका कोठडीत, निदान पाच मिनिटं, न बोलता उभं राहायला नको का? आम्हांला पाऊण तास दिला होता. कोठडीत माणूस आत जायचा, गज धरून बाहेर बघायचा, फोटो निघायचा, पुढचा आत. रांग लागली होती. एक जण म्हणाला, "जरा दुःखी चेहरा कर." दुसऱ्यानं केला. चांगला आला म्हणे.

मी इथे कोणाच्या देशभक्तीवर शंका घेत नाही. त्या मंडळींचे डोळे खरोखर पाणावले असते. पण डोळ्यांत पाणी यायला वेळ लागतो, आणि खाली बसचा हॉर्न वाजत होता. घाईत माणसाला फक्त घामच येऊ शकतो.

तेव्हा माझ्या मागण्या मी स्पष्ट मांडतो. एक : प्रत्येक सहलीत एक दिवस कोरा असावा, आणि त्यावर "स्वखर्चाने ऐच्छिक सहल" असलं काही छापू नये. दोन : ज्या रस्त्यावर दुसऱ्याचं घर आहे, तो रस्ता पत्रकातून काढावा. बुडबुडे बघायचेच असतील, तर घरी पिठलं करावं. तीन : कोणी बसलेला दिसला, तर त्याची नाडी पाहू नये. चार : अंघोळीला एक बादली. हे मी गांधीवादातून म्हणत नाही. पोर्ट ब्लेअरला धनीखाडीच्या धरणातून पाणी येतं, ते पावसावर भरतं, आणि उन्हाळ्यात तिथल्या लोकांना ते मोजून मिळतं. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची टंचाई असते, हे तिथे तीन दिवस पळूनही कळत नाही. एक दुपार हॉटेलच्या पोऱ्याशी गप्पा मारल्या की कळतं. पाच : शंख, शिंपले, प्रवाळ बॅगेत भरू नयेत. ते काढून घेतात म्हणून नव्हे (विमानतळावर काढून घेतात, ते बरंच करतात), तर ते तिथे निवांत पडलेले असतात म्हणून. निदान त्यांची तरी सुट्टी मोडू नका.

हे सगळं फार अवघड आहे असं मला वाटत नाही. काही करायला अक्कल लागते; काही न करायला फक्त धीर लागतो. या भूमीवर एके काळी माणसं सक्तमजुरीसाठी पाठवली जात आणि ती सुटकेची वाट पाहत. आपण सुटका म्हणून जातो आणि आगाऊ पैसे भरून, पावती घेऊन, सक्तमजुरी मागतो.

यंदा आमची दोघांची पुन्हा तिकडेच जायची इच्छा आहे. परवा एका टूर कंपनीच्या कचेरीत चौकशीला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "सात दिवस. एकच बेट. रोजचा कार्यक्रम नको." तिनं संगणकावर बरीच बटणं दाबली, आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि आदबीनं म्हणाली, "काका, तसं पॅकेज आहे आमच्याकडे. पण ते थोडं महाग पडतं. त्यात काहीच नसतं ना!"